बांध कुठे घालायचा? लिनक्स डेस्कटॉप, डिस्कची वाटणी आणि डिफॉल्टचा विवेक



फलकावरचा आजचा विषय वाचून दोघं-तिघं दाराशीच थबकले, ते मी इथून पाहिलं. आपण चुकून दुसऱ्या सभागृहात आलो की काय, असं त्यांना वाटलं असणार. या, बसा, बरोबर ठिकाणी आला आहात. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या बाईने डिस्कच्या पार्टिशनवर का बोलावं, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका फोनमध्ये आहे. आधी तो सांगते.

निवृत्तीनंतर मी आमच्या भागातल्या एका वाचनालयात आठवड्यातून दोन दिवस जाते. लोक जुने लॅपटॉप आणून देतात. आम्ही दोघं-तिघं ते पुसतो, दुरुस्त करतो, त्यांवर लिनक्स टाकतो आणि गरजू विद्यार्थ्यांना, एकट्या राहणाऱ्या वयस्कर मंडळींना देतो. लॅपटॉप नेणारा माणूस डिस्कची वाटणी कशी केली आहे हे कधीच बघत नाही. ती मी केलेली असते. म्हणजे घराच्या भिंती मी ठरवते आणि राहतो तो.

असाच एक लॅपटॉप नेलेल्या विद्यार्थिनीचा रात्री साडेअकराला फोन आला. दुसऱ्या दिवशी तिला पीएच.डी.चा प्रबंध सादर करायचा होता. म्हणाली, "मॅडम, पासवर्ड बरोबर टाकतेय, पण पडदा काळा होतो आणि परत पासवर्डच विचारतोय." मी तिला कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबायला सांगितलं. काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांची खिडकी आली. तिथे डीएफ हायफन एच ही आज्ञा दिली. ती आकडे वाचत गेली. रूट, २० जीबी, १०० टक्के भरलेलं. होम, ४४० जीबी, ३ टक्के भरलेलं.

लक्षात आलं का? घरात ४०० जीबीहून जास्त जागा रिकामी पडली होती आणि तरी जागा नाही म्हणून घराचं दार उघडत नव्हतं. कारण रिकामी जागा भिंतीच्या पलीकडे होती, आणि ती भिंत मी घातली होती.

मग सुडो एपीटी क्लीन ही आज्ञा दिली. अपडेटसाठी उतरवून ठेवलेली जुनी पॅकेजं त्याने निघून गेली, थोडी जागा झाली, साडेबाराला ती आत शिरली. प्रबंध सुखरूप होता. पण तासभर त्या मुलीच्या आवाजात जी भीती होती, ती माझ्या २० या आकड्याने निर्माण केली होती. तो आकडा मी कुठून आणला? माझ्याच एका जुन्या वहीतून. दहा वर्षांपूर्वी तो बरोबर होता. आज तो चूक होता, आणि मी तपासला नव्हता.

तेव्हापासून मी हा विषय नीट अभ्यासायचं ठरवलं. आज त्यातलंच काही आपल्यासमोर मांडते.

डिफॉल्ट म्हणजे काय

डिफॉल्ट म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा बँकेचा थकबाकीदार आठवतो. संगणकाच्या भाषेत अर्थ वेगळा आहे. तुम्ही काही ठरवलं नाहीत, तर तुमच्या वतीने जे ठरतं ते डिफॉल्ट. म्हणजे तो दुसऱ्याने, तुमच्या गैरहजेरीत, तुमच्यासाठी घेतलेला निर्णय असतो. बहुतेक लोक तो कधीच बदलत नाहीत, आणि तो घेतला गेला होता हेही अनेकांना माहीत नसतं. म्हणून डिफॉल्ट ठरवणाऱ्याची जबाबदारी सल्ला देणाऱ्यापेक्षा मोठी आहे. सल्ला नाकारता येतो. जो निर्णय दिसतच नाही तो नाकारणार कसा?

आता पार्टिशन. त्याला मराठीत फाळणी म्हटलं तर १९४७ आठवतं, म्हणून मी वाटणी म्हणते. भावाभावांत शेताची होते तशी. एकच जमीन, मधे बांध. बांधाच्या अलीकडचं पाणी पलीकडे जात नाही, हा बांधाचा फायदा. आणि पलीकडे पाणी तुंबलेलं असताना अलीकडचं पीक वाळतं, हा त्याचा तोटा. बांध घालणं सोपं असतं, पीक उभं असताना तो सरकवणं अवघड. हे तिन्ही मुद्दे डिस्कला जसेच्या तसे लागू पडतात.

भिंती आल्या कुठून

भिंती घालायची सवय युनिक्सकडून आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-११ या यंत्रावर युनिक्स घडवत होते. तेव्हाच्या डिस्कमध्ये काही थोडे मेगाबाइट मावत. आज फोनवर काढलेला एखादा फोटो त्यातली बरीचशी जागा खाईल. प्रणाली वाढली आणि पहिल्या डिस्कवर मावेना. मग तिचा काही भाग दुसऱ्या डिस्कवर गेला, जिथे वापरकर्त्यांच्या फाइली होत्या. त्या जागेचं नाव यूएसआर, म्हणजे युझर. आज लिनक्समध्ये यूएसआर या फोल्डरात वापरकर्त्याचं काहीही नसतं, सगळे प्रोग्राम असतात. नाव मात्र तेच राहिलं.

प्रोग्राम दोन ठिकाणी विभागण्याची ही पद्धत पुढे कित्येक दशकं चालली. फेडोराने २०१२ मध्ये आपल्या १७ व्या आवृत्तीत ती मोडून सगळं यूएसआरमध्ये एकत्र केलं. म्हणजे कारण संपल्यानंतरही भिंत उभी होती. डिफॉल्टचा हा स्वभावच आहे. त्यामागचं कारण मरतं, तरी तो जगत राहतो.

कोणाला किती जागा लागते

आता एकेका खोलीत जाऊ या. आधी एक हिशेब. डिस्क विकणारा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. लिनक्समधली बरीचशी साधनं १०२४ च्या पटीत मोजतात. त्यामुळे २५६ ची डिस्क २३८ दिसते, ५१२ ची ४७६, आणि १ टीबीची ९३१. दुकानदाराने फसवलेलं नसतं, फक्त मापं वेगळी आहेत. पुढचे माझे आकडे संगणकाच्या मापाने आहेत.

पहिली खोली म्हणजे ईएफआय पार्टिशन. यंत्र सुरू होताना पहिलं पाऊल इथे टाकतं. विंडोजने केलेलं हे पार्टिशन बऱ्याचदा १०० एमबीचं असतं. अनेक डिस्ट्रो इथे फक्त छोटा बूटलोडर ठेवतात, त्यांना तेवढं पुरतं. काही मात्र कर्नलसुद्धा इथेच ठेवतात, त्यांना ते पुरत नाही. हे पार्टिशन डिस्कच्या अगदी सुरुवातीला असतं, नंतर मोठं करायचं तर शेजारचा बांध सरकवावा लागतो. म्हणून नवीन डिस्कवर सरळ १ जीबी द्यावा. इथे कंजूषी करून काय वाचणार?

दुसरी खोली, बूट. हिला वेगळं पार्टिशन आज बहुतेकांना लागत नाही, ती रूटमध्येच राहते. पण पूर्ण डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केली, तर इन्स्टॉलर सहसा बूट बाहेर काढतो. तसं असेल तर १ ते २ जीबी ठेवा. कर्नलचं अपडेट आलं की नवीन येतो आणि जुना लगेच जात नाही, कारण नवीन बिघडला तर परतायला जुना हवा. प्रत्येक कर्नलसोबत एक सुरुवातीची फाइल असते, आणि ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर त्यात गेले की ती फुगते. जुन्या काळी पाव जीबीचं बूट करायचे. तिसऱ्या कर्नलला ते भरायचं आणि अपडेट अर्ध्यात अडकायचं.

तिसरी खोली, रूट. खरा घोळ इथे होतो. इथे प्रणाली असते आणि तुम्ही टाकलेले प्रोग्राम असतात. नव्याने टाकलेला साधा डेस्कटॉप १० ते १५ जीबी घेतो. म्हणून माणसाला वाटतं, २० पुष्कळ झाले. उबुंटू डेस्कटॉपसाठी किमान २५ जीबी मागतं. मिंट २० ची गरज सांगतं, पण १०० ची शिफारस करतं. किमान आणि शिफारस यांत पाचपट अंतर आहे! ते अंतर कशासाठी? रूट वाढतं म्हणून.

ते कशाने वाढतं बघा. फ्लॅटपॅकने टाकलेले प्रोग्राम सहसा रूटमधल्या व्हार या फोल्डरात जातात, आणि त्यांच्यासोबत रनटाइम नावाचे गठ्ठे येतात, एकेक शेकडो एमबींचा, कधी १ जीबीच्या वर. स्नॅपचंही तेच. प्रणालीची रोजनिशी, म्हणजे जर्नल, डिफॉल्टनुसार फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, मात्र ४ जीबीच्या वर जात नाही. टाइमशिफ्टसारखं साधन जुन्या स्थितीच्या प्रती ठेवतं, आणि जागा बदलली नाही तर त्याही बहुधा रूटवरच. डॉकर वापरणाऱ्यांचा सगळा पसाराही व्हारमध्ये. यातली एकही वस्तू वापरणारा स्वतःच्या हाताने तिथे ठेवत नाही. म्हणून रूट भरल्यावर तो म्हणतो, "मी तर काहीच साठवलं नव्हतं." आणि तो खरं बोलत असतो.

त्या मुलीचं नेमकं हेच झालं होतं. तिने भाषाशास्त्राचे दोन-तीन प्रोग्राम फ्लॅटपॅकने घेतले होते. बास.

चौथी खोली, होम. ही माणसाची स्वतःची. पत्रं, फोटो, प्रबंध, गाणी. हिची गरज कोणताही इन्स्टॉलर ओळखू शकत नाही. माझे एक मित्र सगळं आयुष्य ३ जीबीत ठेवून आहेत. त्यांच्या नातवाचे व्हिडिओ ३०० जीबीत मावत नाहीत. एक बारकावा सांगते. ईएक्सटी-४ ही फाइलसिस्टिम डिफॉल्टनुसार ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवते. रूटवर ते शहाणपणाचं आहे, सगळं भरलं तरी प्रणालीला श्वास घ्यायला जागा राहते. पण ३५० जीबीच्या होमवर त्याचे साडेसतरा जीबी होतात, आणि तिथे त्यांचा फारसा उपयोग नाही. तो आकडा ट्यून-टू-एफएस या आज्ञेने १ टक्क्यावर आणता येतो.

पाचवी, स्वॅप. रॅम अपुरी पडली की तिच्यातलं काही डिस्कवर तात्पुरतं उतरवून ठेवायची जागा. "रॅमच्या दुप्पट स्वॅप" हा मंत्र आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. रॅम ३२ किंवा ६४ एमबी असायची तेव्हा तो मंत्र उपयोगाचा होता. आज ३२ जीबी रॅमच्या यंत्रावर ६४ जीबी स्वॅप करणं म्हणजे ओसरीवर धान्याचं कोठार बांधणं. आता प्रश्न वेगळा विचारायचा. तुम्ही यंत्र हायबरनेट करता का? म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून, वीज पूर्ण बंद करून, नंतर तिथूनच पुढे सुरू करता का? करत असाल तर रॅमइतकी आणि वर थोडी जागा ठेवा. करत नसाल तर ४ जीबी, फार तर ८.

आणि स्वॅपला वेगळं पार्टिशन हवंच असं नाही. उबुंटूने २०१७ च्या १७.०४ आवृत्तीपासून साध्या इन्स्टॉलेशनमध्ये स्वॅपची फाइल करायला सुरुवात केली. फाइल उद्या लहान-मोठी करता येते, बांध सरकवावा लागत नाही. फेडोरा २०२० पासून रॅममध्येच दाबून ठेवण्याची युक्ती वापरतं, तिला झेडरॅम म्हणतात. फक्त एक विसरू नका. स्वॅपची फाइल सहसा रूटमध्ये बसते. ६० जीबीच्या रूटमध्ये १६ जीबीची स्वॅप फाइल केलीत, तर तुमचं रूट ४४ चं झालं.

मिलोचं जेवण

आता माझ्या मूळ घरी येते. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात मध्यममार्गाची चर्चा करताना जेवणाचं उदाहरण दिलं आहे. दहा मिना अन्न खूप झालं आणि दोन मिना कमी पडलं, म्हणून तालमीचा गुरू सगळ्यांना सहा मिना वाढेल असं नाही. सहा हा गणिताने काढलेला मध्य. मिलोसारख्या पहिलवानाला तो कमी, नुकत्याच तालमीत आलेल्या पोराला तो जास्त. खरा मध्य व्यक्तीच्या संदर्भात असतो.

विद्यार्थ्यांना मी हे पस्तीस वर्षं शिकवलं. पण एक गोष्ट मला तेव्हा सुचली नव्हती. त्या गुरूसमोर निदान मिलो उभा असतो. त्याचे दंड दिसतात. डिफॉल्ट ठरवणाऱ्यासमोर कोणीच नसतं. जेवायला कोण येणार हे माहीत नसताना पानं वाढायची आहेत. मग काय करायचं?

माझं उत्तर असं, की मध्य शोधत बसू नये. दोन्ही बाजूंच्या चुका तपासाव्यात आणि विचारावं, यातली कोणती चूक जास्त महाग? आणि कोणती नंतर सुधारता येते?

रूट गरजेपेक्षा ३० जीबी मोठं झालं तर काय होतं? ३० जीबी रिकामे राहतात. एखाद्याला थोडे फोटो बाहेरच्या डिस्कवर ठेवावे लागतील. रूट गरजेपेक्षा ५ जीबी लहान झालं तर? अपडेट अर्धवट थांबतं, यंत्रात शिरता येत नाही, रात्री साडेअकराला कोणाला तरी फोन करावा लागतो. दोन चुका सारख्या नाहीत. म्हणून आकडा मधोमध ठेवायचा नाही, स्वस्त चुकीच्या बाजूला झुकवायचा.

दुसरा प्रश्न, दुरुस्तीचा. ईएक्सटी-४ मोठी करायची तर चालू यंत्रावर करता येते. लहान करायची तर ती बंद करून, पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून करावी लागते. एक्सएफएस मोठी होते, लहान करायची सोय तिच्यात जवळपास नाहीच. आणि पार्टिशनचा शेवट पुढे ढकलणं सोपं, सुरुवात मागे-पुढे करणं अवघड, कारण त्यासाठी आतला सगळा डेटा हलवावा लागतो. त्याला तास लागतात, आणि मधे वीज गेली तर विचारायलाच नको. यातून एक साधी युक्ती निघते. रूटच्या लगेच पुढे थोडी जमीन मोकळी सोडायची, कोणाच्याच नावावर नाही अशी. रूट वाढलं तर त्या पडीक जमिनीत शिरेल, होमला हात लावावा लागणार नाही.

मी ठरवलेले आकडे

१२८ जीबीची डिस्क असेल तर भिंत घालत नाही. ईएफआयला १ जीबी, बाकी सगळं एकच रूट, होम त्याच्या आतच. ११९ जीबीत बांध घातला तर दोन्ही वावरं अडचणीची होतात. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तसं अंथरूण पाहूनच त्याचे भाग करायचे.

२५६ ला वेगळं होम करते. ईएफआय १, रूट ६०, पडीक २०, होम १५७. बेरीज २३८.

५१२ ला ईएफआय १, रूट ८०, पडीक ४०, होम ३५५. बेरीज ४७६.

१ टीबीला ईएफआय १, रूट १००, पडीक ५०, होम ७८०. बेरीज ९३१.

स्वॅप सगळीकडे रूटमधली फाइल, ४ जीबीची. कोणी हायबरनेट वापरणार असेल तर रूटला तेवढी भर. कोणी डॉकर किंवा आभासी यंत्रं चालवणार असेल तर हे आकडे त्याच्यासाठी नाहीत, हे मी त्याला तोंडावर सांगते. तो मिलो आहे, त्याने आपलं ताट स्वतः मागावं.

मग कोणी विचारेल, भिंत घालायचीच कशाला? प्रश्न बरोबर आहे. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्येही नवख्यांसाठी "सगळ्या फाइली एकाच पार्टिशनमध्ये" हाच पर्याय सुचवलेला असतो. ज्या सर्व्हरवर शंभर माणसं काम करतात, तिथे एकाच्या पसाऱ्याने सगळ्यांचा श्वास कोंडू नये म्हणून भिंत हवी. एका माणसाच्या घरात ते कारण बरंच दुबळं होतं. उरतो मुख्य फायदा एकच. प्रणाली नव्याने टाकायची वेळ आली तर रूट पुसायचं आणि होम तसंच ठेवायचं. आमच्या वाचनालयात ही वेळ नेहमी येते, म्हणून मी भिंत घालते. तुमच्याकडे येत नसेल तर एकच पार्टिशन ठेवा आणि निवांत झोपा.

आणि मधले मार्गही आहेत. एलव्हीएममध्ये बांध जमिनीत नसतो, कागदावर असतो. मोकळी जागा कुठेही असली तरी हव्या त्या हिश्शाला जोडता येते, शेजारी असण्याची अट नाही. बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम फेडोरा वर्कस्टेशनमध्ये २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून डिफॉल्ट आहे. तिथे रूट आणि होम हे वेगळे उपखंड असतात, पण मोकळी जागा दोघांची सामाईक. एकत्र कुटुंब म्हणा ना. खोल्या वेगळ्या, कोठार एक. माझ्या विद्यार्थिनीवरचा प्रसंग तिथे आला नसता. मात्र कोठार एक म्हणजे एकाने सगळं संपवलं की दुसराही उपाशी, हे ओघानेच आलं.

भिंत म्हणजे तिजोरी नव्हे

आता एक कबुली देते.

माझी एक मैत्रीण, निवृत्त शिक्षिका. वडिलांच्या रोजनिशा ती दोन वर्षं टाइप करत होती. लॅपटॉप मंदावला म्हणून तिने तो दुरुस्तीला दिला. परत आला तो अगदी नव्यासारखा. आतलं सगळं पुसलेलं. मी तेव्हा तिला म्हणाले, "वेगळं होम असतं तर वाचलं असतं गं." हे मी पुढे बरेच दिवस सांगत फिरले.

ते खरं नव्हतं. इन्स्टॉलरमध्ये "संपूर्ण डिस्क पुसा" असा पर्याय असतो. तो निवडला की रूट जातं, होम जातं, मधली पडीक जमीनही जाते. भिंत कुठे होती हे कोणी विचारत नाही. उलट काही इन्स्टॉलरमध्ये एकच पार्टिशन असलं तरी ते फॉरमॅट न करता नवी प्रणाली टाकता येते आणि होम फोल्डर शाबूत राहतो. म्हणजे तिचा मजकूर गेला तो भिंत नव्हती म्हणून नाही. दुसरी प्रत नव्हती म्हणून गेला. डिस्क जळाली, लॅपटॉप चोरीला गेला, चहा सांडला, तर पार्टिशन दहा असोत की एक, सगळी एकाच वेळी जातात.

मी भिंतीला दोष दिला, कारण ते बोलणं सोपं होतं. बॅकअप घे असं मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं, हे बोलणं अवघड होतं. ते आज बोलते. मूळ वह्या तिच्याकडे आहेत, आणि ती पुन्हा टाइप करते आहे. या वेळी रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर प्रत घेते.

शेवटचा मुद्दा

डिफॉल्ट ठरवणाऱ्याचं कर्तव्य काय, हे मी माझ्यापुरतं तीन वाक्यांत लिहून ठेवलं आहे. चूक होणारच, तर ती स्वस्त बाजूला होऊ द्यावी. परतीची वाट मोकळी ठेवावी. आणि आकड्याबरोबर तारीख आणि कारण लिहावं.

यातलं तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. माझ्या वहीतला २० मूर्खपणाचा नव्हता. त्याच्यापुढे साल नव्हतं, इतकंच. साल असतं तर मी थांबले असते. आता आम्ही प्रत्येक लॅपटॉपच्या पोटाला एक चिठ्ठी चिकटवतो. रूट किती, होम किती, कोणत्या महिन्यात ठरवलं, का ठरवलं, आणि अडलं तर फोन कोणाला करायचा. म्हणजे राहणाऱ्याला निदान कळतं की भिंती कोणीतरी घातल्या आहेत, त्या आकाशातून पडलेल्या नाहीत, आणि त्या हलवता येतात.

काही प्रश्न असतील तर घेऊ या.

श्रोत्यांचे प्रश्न

*माझं रूट ३० जीबीचं आहे आणि ८५ टक्के भरलंय. सगळं पुसून पुन्हा टाकू का?*

नको, घाई नको. आधी बघा काय भरलंय. डिस्क युसेज ॲनालायझर म्हणून प्रोग्राम असतो, तो चित्र काढून दाखवतो. पॅकेजांचा जुना साठा काढा, न लागणारे फ्लॅटपॅक रनटाइम काढा, जुने कर्नल एपीटी ऑटोरिमूव्हने जातील. एवढ्याने बऱ्याचदा वर्षभराची सोय होते. तरीही भरत असेल तर बॅकअप घेऊन मगच बांध हलवा. आधी बॅकअप, हा क्रम चुकवू नका.

*जागा रिकामी दिसते, तरी फाइल बनत नाही असं होतं का?*

होतं. ईएक्सटी-४ मध्ये फाइलींची संख्याही मर्यादित असते, त्या नोंदींना आयनोड म्हणतात. लाखो बारीक फाइली झाल्या की नोंदवही भरते आणि कपाट रिकामं राहतं. डीएफ हायफन आय या आज्ञेने ते कळतं. घरगुती वापरात क्वचित घडतं, पण घडलं की माणूस चक्रावतो.

*मॅडम, एवढं सगळं करण्यापेक्षा इन्स्टॉलर जे सुचवतो ते का घेऊ नये?*

घ्या की. जरूर घ्या. माझं म्हणणं एवढंच, की पुढचं बटण दाबण्याआधी तो पडदा एकदा वाचा. अर्धं मिनिट लागतं. दुसऱ्याने आपल्यासाठी काय ठरवलं ते पाहून हो म्हणणं आणि न पाहता हो म्हणणं, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. पण पहिल्यात तुम्ही निर्णय घेतलेला असतो. आणि रात्री साडेअकराला काही अडलंच, तर कुठे बघायचं हे तुम्हाला माहीत असतं.